कडेची मिनिटं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ दोन सीड्या घेऊन आले. साठीच्या आसपासचे, शिवाजी पेठेकडचे. सीड्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटांत आणि पाकिटं रुमालात गुंडाळलेली. वर निळ्या मार्करनं ‘फायनल १’ आणि ‘फायनल २’ एवढंच लिहिलेलं. शाहू स्टेडियमवर वीसेक वर्षांपूर्वी झालेल्या फुटबॉल सामन्याचं चित्रीकरण, त्या वेळच्या केबलवाल्यानं काढून पेठेत विकलेलं. पहिली सीडी घरच्या जुन्या प्लेअरवर चालते, दुसरी टायब्रेकरच्या अलीकडं अडकते, एवढंच त्यांचं म्हणणं. काउंटरवरच्या पोरानं दुसरी सीडी पाकिटातून काढली, ट्यूबलाइटच्या उजेडात धरली, ‘‘धूळ बसलीय काका’’ म्हणाला आणि टी-शर्टचं टोक बोटाला गुंडाळून ती पुसायला लागला. गोल गोल. ताट पुसतात तशी.

आतल्या टेबलावरून मालक ओरडले, ‘‘आरं, गोल नगं! सरळ पूस, सरळ!’’ पोराचा हात जागच्या जागी थांबला. आपलं काय चुकलं हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं. बाविशीतला पोरगा, हात एवढा हलका की मोबाइलचा चार्जिंग आयसी बोलता बोलता उतरवून नवा बसवतो. पण सीडी त्यानं आयुष्यात कितीशी हाताळली असणार? त्याच्या शाळेच्या वयात पेनड्राइव्ह आला होता, कॉलेजात गेला तोवर सगळं फोनवर. घराघरांतल्या कपाटात सीड्या अजून थप्पीनं पडून आहेत. त्या वाचणारी यंत्रं कमी होत चालली आहेत हे दिसतं तरी. त्या पुसायच्या कशा, धरायच्या कशा, हे हातातलं ज्ञान मात्र कुणाच्या लक्षातही न येता निघून गेलं.

तो गोल फिरणारा अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही.

गोल का पुसायची नाही, हे एकदा समजलं की विसरत नाही. सीडीवर एकच एक लांब वाट असते. ग्रामोफोनच्या तबकडीसारखीच, फक्त ती आतून सुरू होऊन बाहेर जाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन; माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसेक फेऱ्या बसतात. ही वाट उलगडून जमिनीवर अंथरली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. बिंदू चौकातून निघून पंचगंगेच्या घाटावर जाऊन परत आलं तरी उरेल, एवढी. लेझरचा किरण त्या वाटेवरून चालतो आणि वाटेत जे खाचखळगे लागतात तेच आपलं गाणं, फोटो, सामना. ही चकती करणाऱ्यांना ओरखडे पडणार हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून शेजारशेजारचे आकडे त्यांनी मुद्दाम लांबलांब पेरले आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे दिले. वाटेचा सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा पूर्ण गेला तरी यंत्र बाकीच्या आकड्यांवरून तो जसाच्या तसा परत उभा करतं. त्यामुळं मधल्या भोकापासून कडेकडं सरळ गेलेला ओरखडा फारसं बिघडवत नाही. तो प्रत्येक फेरीला आडवा छेदतो, प्रत्येक ठिकाणी केसभर नुकसान करतो आणि ते भरून निघतं. गोल ओरखडा मात्र वाटेबरोबर चालतो. दोन-तीन सेंटिमीटर तिच्या अंगाअंगानं गेला की अडीच मिलिमीटरची सोय तिथं कुठं पुरणार? कापडात अडकलेला धुळीचा एखादा कण नेमकं हेच करतो. म्हणून मऊ, धुतलेलं सुती कापड घ्यायचं, आतून बाहेर सरळ ओढायचं, उचलायचं, पुन्हा आतून सुरुवात. तेलकट डाग असेल तर आधी साध्या पाण्यानं धुवायची, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब चालतो. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, पेट्रोल हे अजिबात नाही; सीडीचं पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक त्यानं पांढरं पडतं आणि मग काही करता येत नाही.

आणखी एक गैरसमज मोठा आहे. सगळे चमकणारी बाजू जपतात आणि छापील बाजू खाली करून सीडी टेबलावर टाकतात. खरं तर चमकणारी बाजू म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे. माहिती त्याच्या पलीकडं, छापील बाजूला लागून आहे. तिच्यावर परावर्तन करणारा धातूचा थर आणि त्यावर लॅकरचा अगदी पातळ लेप. चमकणाऱ्या बाजूचा ओरखडा पॉलिश करून घालवता येतो. छापील बाजूला पेनाचं टोक जरी जोरात दाबलं तरी धातूचा पापुद्रा निघतो, आणि तो पापुद्रा गेला म्हणजे तिथली माहिती कायमची गेली. सीडी डोळ्यांसमोर धरून ट्यूबलाइटकडं बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथं धातू शिल्लक नाही. डीव्हीडीचं बरं असतं, तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध राहते. पण तो गोंद सुटायला लागला की तीही कडेनं उकलते.

कड. सगळं घोडं कडेशीच अडतं.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. माहिती केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होते आणि सीडी पूर्ण भरलेली असेल तर ५८ मिलिमीटरवर संपते. चकतीची त्रिज्या आहे ६०. म्हणजे शेवटची मिनिटं कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत असतात, आणि आपण सीडी धरतो ती तिथंच. बोटाचा घाम तिथं, पाकिटात घालताना-काढताना घासतं ते तिथं, दमट हवा लेपाखाली शिरते ती तिथून. चकती जराशी वाकली असेल तर केंद्राजवळ ते जाणवतही नाही, पण कडेला तिचं वरखाली होणं सगळ्यात जास्त आणि लेन्सला तिथं धावपळ करावी लागते. घरी राइट केलेल्या सीडीत तर खाचा नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो. निळसर, हिरवट किंवा फिक्या सोनेरी छटेवरून तो ओळखूही येतो. उन्हानं आणि दमटपणानं तो रंग बदलतो आणि अनेक सीड्यांमध्ये हा बदल कडेकडून आत सरकत येतो. त्यामुळं जुन्या सीडीत नवरदेव घोड्यावर बसलेला स्वच्छ दिसतो, अक्षता पडेपर्यंत ठीक चालतं, आणि पाठवणीला चित्राचे चौकोन होतात. सिनेमाचा शेवट अडकतो. प्रवचनाचा समारोप तुटतो. सामन्याचा टायब्रेकर जातो. हा योगायोग नव्हे. सीडीत शेवटच आधी जातो.

कोल्हापुरात सीडीचा भर असतानाचे दिवस अनेकांना आठवत असतील. महाद्वार रोडवर देवीच्या आरत्या आणि जोतिबाच्या गाण्यांच्या सीड्या दोरीला टांगलेल्या, वाऱ्यानं फिरल्या की समोरच्या भिंतीवर सप्तरंगी कवडसे पळायचे. सिनेमाच्या व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओ सीडीचा, संच दोन किंवा तीन सीड्यांचा, मध्यंतराला कुणीतरी उठून बदलायची. अस्सल सीडी महाग म्हणून लोक कॉपी घ्यायचे, तोवर २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली आणि हिशेबच बदलला. भारतात कोऱ्या सीड्या मोठ्या प्रमाणावर बनवणारी हीच कंपनी. गल्लीतल्या दुकानात ५० कोऱ्या सीड्यांचा गोल डबा काउंटरवर असायचा आणि एमपी३ गाण्यांची यादी लिहून दिली की संध्याकाळी सीडी तयार. राइट करणं हे तेव्हा जबाबदारीचं काम होतं. बर्निंग सुरू झालं की त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, माउससुद्धा हलवायचा नाही. लेझर थांबत नसे. हार्डडिस्ककडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला की बफर, म्हणजे माहितीचा तात्पुरता साठा, रिकामा आणि सीडी बाद. पुढं मधेच थांबून तिथूनच सुरू करू शकणारे राइटर आले तेव्हा ही धास्ती गेली. पण लोडशेडिंगची राहिली. यूपीएसची पिप-पिप सुरू झाली की टक्क्यांच्या आकड्याकडं बघत सगळे उभे राहायचे. ८२, ८३, ८४. ट्रे बाहेर आला की सीडी कोमट लागायची.

त्या यंत्राचा आवाजही ओळखीचा होता. आधी ट्रेची कर्रर, मग चकती बसल्याचा टक, मग लेन्स वरखाली होऊन फोकस शोधते तेव्हाची बारीक चिवचिव, आणि मग वेग घेत जाणारी घुंईं. १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ५२ एक्सचा ड्राइव्ह पूर्ण वेगात चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे फिरवतो. मधल्या भोकाजवळ चीर गेलेली सीडी अशा ड्राइव्हमध्ये कधीच घालू नये. ती आत फुटते, तुकडे लेन्सवर बसतात आणि सीडीबरोबर ड्राइव्हही जातो.

ड्राइव्ह गेले ते एका फटक्यात नव्हे. २००८ च्या जानेवारीत अ‍ॅपलनं मॅकबुक एअर आणला, त्यात ड्राइव्ह नव्हता, आणि हे इथं चालायचं नाही असं पुष्कळांना वाटलं. २०१२ मध्ये त्यांच्या आयमॅक या डेस्कटॉपमधूनही तो निघाला. बाकीच्या कंपन्यांनी आधी १२.७ मिलिमीटरचा ड्राइव्ह ९.५ वर आणला, मग काढलाच. लॅपटॉपमध्ये बॅटरीनंतर सगळ्यात जास्त जागा खाणारं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं अंग हेच होतं, त्यामुळं त्यांचंही चूक म्हणता येत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि गाणी-सिनेमे साठवून ठेवायची गरज घरोघरी संपली. विंडोज ११ इन्स्टॉल करायची फाइल पाच जीबीच्या वर आहे, ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर ती मावतच नाही. डेस्कटॉपच्या नव्या कॅबिनेटला पुढं सव्वापाच इंची खाच नसते, तिथं काच किंवा पंख्याची जाळी असते. तरी मदरबोर्डच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी बरीच वर्षं निघत राहिली. लॅन कार्डाचा ड्रायव्हर सीडीत, सीडी वाचायला ड्राइव्ह नाही, आणि ड्रायव्हर डाउनलोड करावा तर लॅन चालत नाही. ही कोंडी अनेकांनी फोनचं इंटरनेट केबलनं जोडून सोडवली. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत राइट करायच्या ब्ल्यू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं.

इथल्या दुकानांत मात्र ड्राइव्हचा शेवट वेगळ्याच वाटेनं झाला. कॅडीनं. लॅपटॉप मंद झाला म्हणून गिऱ्हाईक येतं. हार्डडिस्कपेक्षा वेगवान असा एसएसडी घालायचा असतो, पण जुन्या हार्डडिस्कमधलं सगळं हवं असतं. मग डीव्हीडी राइटर काढून त्याच मापाच्या पत्र्याच्या चौकटीत, म्हणजे कॅडीत, जुनी हार्डडिस्क बसवून ती त्या जागी सरकवायची. काम दहा मिनिटांचं. आधी बॅटरी काढायची. लॅपटॉपच्या पोटाला ड्राइव्ह धरणारा बहुतेक वेळा एकच स्क्रू असतो. तो काढला की ड्राइव्ह बाजूनं ओढून निघतो. कॅडी घेण्याआधी त्याची जाडी मोजायची, १२.७ च्या जागी ९.५ ची कॅडी बसवली तर ती हलते आणि संपर्क तुटतो. ड्राइव्हचं पुढचं प्लॅस्टिकचं तोंड सोडवून कॅडीला लावायचं, मागची छोटी लोखंडी पट्टी दोन बारीक स्क्रूंसकट तिकडं न्यायची, नाहीतर लॅपटॉपच्या पोटातल्या स्क्रूला धरायला काही उरत नाही. आणि एसएसडी कॅडीत नव्हे, हार्डडिस्कच्या मूळ जागी घालायचा, कारण कित्येक लॅपटॉपमध्ये ड्राइव्हकडची साटा जोडणी कमी वेगाची असते. लॅपटॉप पळायला लागतो, गिऱ्हाईक खूश. काढलेला राइटर कुणी परत मागत नाही.

तो मागावा. हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. तो स्लिम ड्राइव्ह बसेल अशी यूएसबी केसिंग थोडक्या पैशांत मिळते, आणि चालू असलेला तुमचाच ड्राइव्ह बाहेरून लावायचा ड्राइव्ह होतो. फक्त विजेचं भान ठेवायचं. ड्राइव्हच्या लेबलवर बहुतेक ५ व्होल्ट आणि एक अँपिअरच्या वरचा आकडा असतो. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. मग दिवा लागतो, चकती फिरायला लागते, टक-टक होतं आणि बंद. लोक म्हणतात ड्राइव्ह खराब निघाला. खराब नसतो, उपाशी असतो. दोन पोर्टना जोडायची वाय आकाराची केबल लावावी, निदान यूएसबी ३.० चा निळा पोर्ट वापरावा, डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मदरबोर्डवरचा मागचा. मोठा, डेस्कटॉपचा ड्राइव्ह यूएसबीवर घ्यायचा तर त्याला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात. लॅपटॉपच्या हार्डडिस्कसाठीच्या साध्या केबलवर त्याची मोटर हलायची नाही, वेगळा अ‍ॅडाप्टर हवा.

मोठ्या ड्राइव्हचं दुखणं बहुधा ट्रेच्या रबरी पट्ट्यात असतं. वर्षानुवर्षं न वापरता पडला की पट्टा सैल होतो किंवा चकचकीत होऊन घसरतो. आतून मोटर घरघरते, ट्रे येत नाही. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ढकललं की ट्रे हातानं निघतो, पट्टा बदलला की यंत्र पुन्हा कामाला लागतं. लेन्सवर धूळ असेल तर कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून, जवळजवळ वजन न देता, एकदाच फिरवायची. लेन्स तारेएवढ्या बारीक स्प्रिंगांवर तरंगत असते, जोर दिला की ती कायमची तिरकी होते. आणि एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं: ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो पण सीडी वाचत नाही. हा चमत्कार नव्हे. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा; आत दोन वेगळे डायोड असतात आणि त्यातला एक आधी मरतो.

पुराच्या वेळी सीडीचं एक वेगळंच रूप दिसतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागं टाकली, व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या. पाणी उतरल्यावर घरांतून चिखलाचे ढीग निघाले आणि त्यात अल्बम, कॅसेटी, हार्डडिस्का, सीड्या. यातली सीडी सगळ्यात चिवट. पाण्यानं तिचं लगेच काही बिघडत नाही. बिघडवतो तो चिखल आणि आपली घाई. गाळ वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला गाळ म्हणजे बारीक वाळूच, पुसला की गोल-सरळ सगळे ओरखडे एकदम. बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवून हलवायची, पाणी बदलायचं, पुन्हा हलवायची, गाळ आपोआप सुटला पाहिजे. मग उभी करून सावलीत निथळू द्यायची, उन्हात नाही. छापील कागद डबीत चिकटला असेल तर ओढायचा नाही, डबीसकट पाण्यात ठेवायचं. कोरडा ओढला तर कागदाबरोबर लेप आणि लेपाबरोबर धातू येतो. त्या दोन पुरांत कित्येकांनी हे माहीत नसल्यानं चांगल्या सीड्या कचऱ्यात घातल्या. भिजली म्हणजे गेली, असं धरून.

या गावानं असं गमावणं आधीही पाहिलंय. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं कॅमेरा घडवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. १९२९ मध्ये इथंच प्रभात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी आज पाहायला मिळतं ते फार थोडं. कॅमेऱ्याचं स्मारक करता येतं, पण त्या कॅमेऱ्यानं टिपलेलं परत आणता येत नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म नुसती ठेवली तरी सडायची आणि ठिणगी पडली की भडकायची. जपणं अवघडच होतं. सीडीच्या बाबतीत तेवढीही सबब नाही. आणि ती अगदी संपलेलीही नाही. एमआरआयचं चित्रण अजून सीडीत मिळतं आणि ते घेऊन माणूस दुसऱ्या डॉक्टरकडं गेला की तिथल्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. सीसीटीव्हीचं चित्रीकरण पुरावा म्हणून सीडीवर दिलं जातं, कारण एकदा राइट केलेल्यात मागाहून फेरफार करता येत नाही. ग्रंथालयात जुन्या प्रबंधांच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवलेलं असतं आणि आत सीडी.

काढून घ्यायचंच तर नुसतं कॉपी-पेस्ट करू नये. विंडोज एका खराब जागी अडखळलं की सायक्लिक रिडंडन्सी चेकचा निरोप दाखवतं आणि पूर्ण फाइलच सोडून देतं. ७०० एमबीतल्या दोन केबीपायी सगळं जातं. डेटा सीडी किंवा डीव्हीडी असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू उत्तम. ते आधी सोपा भाग झरझर उचलतं, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशाच्या फाइलीत ठेवतं, आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा जातं. तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवलं तर पहिल्याला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. व्हीसीडीला मात्र हे लागू पडत नाही. तिच्यावर चित्राला जागा जास्त मिळावी म्हणून पडताळ्याचा वरचा थर काढून टाकलेला असतो, प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक तुकड्यात, २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात. तिला कच्चे सेक्टर वाचणारा आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम लागतो. वेग आठ किंवा चार एक्सवर आणायचा आणि वाट बघायची. एखादा चौकोन तुटला तरी पुढचं चित्र येतं, व्हीसीडीचा तेवढा चांगुलपणा आहे.

राजारामपुरीतल्या दुकानात त्या दिवशी हेच झालं. ‘फायनल २’ ७२ मिनिटांची निघाली. सेकंदाला ७५ प्रमाणे ३,२४,००० सेक्टर. बाहेरच्या स्लिम ड्राइव्हनं पहिल्या फेरीत ११,००० च्या वर सोडले, जवळजवळ सगळे शेवटच्या पाच मिनिटांतले. मालकांनी सीडी पाण्याखाली धरून धुतली, निथळवली. मग माळ्यावरचा पुठ्ठ्याचा खोका खाली आला. त्यात वीसेक ड्राइव्ह, बरेचसे पिवळट पडलेले, काहींचं पुढचं तोंड कॅडीसोबत गेलेलं. त्यातला एक जुना सीडी राइटर डेस्कटॉपला रुंद आयडीई केबलनं जोडला, मागचा जंपर मास्टरवर घेतला. ट्रे क्लिपनं उघडावा लागला. चार एक्सवर त्यानं ११,००० चे ९०० केले. तिसऱ्या ड्राइव्हनं २२५. गृहस्थ तोवर बाकड्यावर बसून होते, बाहेर पाऊस, मधे एकदा चहा झाला.

२२५ सेक्टर म्हणजे तीन सेकंद. दोन तुकडे बक्षीस समारंभातल्या भाषणात होते. तिसरा टायब्रेकरमधल्या चौथ्या किकचा. खेळाडू धावत येतो, मग हिरव्या चौकोनांत सगळं विरघळतं, आणि पुढच्या चित्रात गोली गुडघ्यावर बसलेला, जाळी हललेली. ‘‘डाव्या हाताला मारला हुता त्यानं,’’ गृहस्थ स्क्रीनकडं बघत म्हणाले, ‘‘खाली, जमिनीसरशी.’’ पाचवा किक पूर्ण आला. त्यानंतरचा कल्लोळ, मैदानात घुसलेली पेठ, हलणारा कॅमेरा, सगळं आलं.

पोरानं फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि विचारलं, ‘‘काका, पहिलीबी काढून ठेवू काय?’’ त्यांनी पाकीट पुढं केलं. त्यानं सीडी भोकात तर्जनी घालून आणि कडेला अंगठा लावून उचलली, धुवून वाळत घातलेलं पांढरं फडकं घेतलं, आणि मधून कडेकडं एक सरळ हात मारला. मग चकती थोडी फिरवली आणि दुसरा.